लोखंडाला पाटी, माणसाला काय?



शूर जाती आणि बिनशूर जाती अशी माणसांची वाटणी करून इंग्रज 1947 साली बोटीत बसून गेले. वाटणी मात्र इथंच टाकून गेले. ती दिल्लीच्या फायलीत आहे, गावच्या पारावर आहे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती आपल्या पोरांच्या डोक्यात आहे. 'आम्ही पण लढवय्ये' असं छाती ठोकून सांगणारा आपला पोरगा नकळत त्याच वाटणीच्या कागदावर अंगठा उठवत असतो. हा अग्रलेख त्या अंगठ्याबद्दल आहे.

निमित्त झालं नगरच्या रणगाडा संग्रहालयाचं. कोल्हारपासून नगर पन्नासेक किलोमीटर. राहुरी, कृषी विद्यापीठ, विळदचा घाट असं करत एसटी नगरात शिरते. 2024 पासून कागदावर अहिल्यानगर झालं, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. आपल्या वस्तीतली चौदा पोरं बरोबर होती. त्यातली नऊ भरतीची तयारी करणारी. पहाटे नगर-मनमाड रोडला ट्रकांच्या लायटीत पळतात, दुपारी ऊस नाहीतर डाळिंबाच्या बागेत रोजानं जातात. दोघांच्या अंगात '1818' छापलेले टी-शर्ट. पोरांना म्हटलं, ज्याच्या मागं पळताय ते एकदा जवळून बघून घ्या.

चिलखती दळाचं प्रशिक्षण केंद्र नगरलाच. त्याच्याच आश्रयानं 1994 साली हे संग्रहालय उभं राहिलं. उघड्यावर, झाडांच्या सावलीत, पन्नासच्या आसपास यंत्रं ओळीनं मांडलेली. सुरुवातीला रोल्स-रॉईसची चिलखती गाडी. राजेमहाराजे जिच्यात बसून शिकारीला जायचे त्याच कंपनीची, फक्त अंगावर पत्रा चढवलेला. पुढं विलायती माटिल्डा, व्हॅलेन्टाईन, चर्चिल. जपान्यांचे बुटके रणगाडे, बैलगाडीपेक्षा थोडेच मोठे वाटावेत असे. हिटलरच्या फौजेची 88 मिलिमीटरची तोफ. मग आपल्याकडचे सेंच्युरियन, पाण्यात तरंगणारा रशियन पीटी-76, मद्रासजवळच्या अवाडी कारखान्यात तयार झालेला विजयंता. आणि 1965 च्या लढाईत पाकिस्तानकडून धरलेला अमेरिकन पॅटन.

प्रत्येकासमोर पाटी. देश कुठला, वजन किती टन, तोफेचं तोंड किती मिलिमीटर, आत माणसं किती मावतात. सगळं रंगवून, पुसून, चकाचक. तोफांची तोंडं बंद. पोरं खूश. एक जण पॅटनकडं बघून म्हणाला, "दादा, ह्यो लिटरला किती देत आसंल?" दुसरा म्हणाला, "आरं ह्यो देत नसतो, ह्यो नुस्ता पितो. पुढाऱ्यावानी." हसलो सगळेच. मग टी-शर्टवाल्यांपैकी एक जण, जो सकाळपासून गप्प होता, त्यानं विचारलं, "दादा, ह्याच्यात आपलं कोण होतं?"

त्याला उत्तर पाटीवर नव्हतं. पाटी लोखंडाची जन्मपत्रिका सांगते. लोखंड कुणी चालवलं, कुणाला चालवू दिलं, कुणाला त्याच्या आसपासही फिरकू दिलं नाही, हे पाटीवर येत नाही. म्हणून ते उत्तर इथं लिहितो. नीट वाचा. हे घोषणेपेक्षा जरा लांब आहे.

रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला 1916 च्या सप्टेंबरात, फ्रान्समध्ये सोमच्या मैदानावर. खंदकात बसलेल्या मशीनगनांसमोर इंग्रजांचे शिपाई गवतासारखे कापले जात होते. माणसं संपत आली तेव्हा साहेबाला लोखंड सुचलं. आणि माणसं संपत आली तेव्हाच त्याला आणखी एक गोष्ट आठवली, ती म्हणजे आम्ही. 1917 साली 111 महार ही पलटण उभी केली. युद्ध संपलं, गरज संपली, 1921 मध्ये पलटण मोडली. रणगाडा मात्र मोडला नाही. त्याचे पुढचे अवतार नगरला उभे आहेत. लोखंड गंजू नये म्हणून त्याला रंग देतात. माणूस गंजला तर त्याला गावाकडं पाठवतात.

पण आमची गोष्ट 1917 ला सुरू होत नाही. ती 1818 ला घेऊन जाते, त्या टी-शर्टवरच्या आकड्याकडं.

1 जानेवारी 1818. भीमेच्या काठी कोरेगावला पेशव्याच्या फौजेसमोर कंपनी सरकारची छोटी तुकडी दिवसभर टिकली. त्या तुकडीत पायदळ होतं, त्यात आपले महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. तिथल्या खांबावर पलटणीच्या 49 मृतांची नावं कोरली आहेत, त्यात 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. हे आपण सगळे जाणतो. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला तिथं गेले, म्हणून आपण जातो. पण त्याच दिवशी, त्याच धुरळ्यात, कंपनीचं घोडदळही होतं. पूना ऑक्झिलरी हॉर्स. आजचा पूना हॉर्स हा त्याचाच वारस.

आता बघा. घोडदळाचा धागा तुटला नाही. घोडे गेले, रणगाडे आले, पलटण तीच राहिली. त्याच पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत सेंच्युरियन रणगाड्यात लढत मेला. वय वर्षं 21. मरणोत्तर परमवीरचक्र. त्या पोराच्या धैर्याला आमचा सलाम आहे, त्यात हातचं काही राखलेलं नाही. प्रश्न पोराचा नाही, धाग्याचा आहे. कोरेगावच्या एकाच मैदानावर दोन पलटणी लढल्या. एकीची वंशावळ आजपर्यंत सलग चालली. दुसरीतल्या आमच्या माणसांचा धागा 1892 च्या सुमारास एका सरकारी फर्मानानं कापला. महारांची भरती बंद.

का बंद? लढाईत पळाले म्हणून? तसा आरोप खुद्द साहेबानंही केला नाही. 1857 नंतर साहेबाच्या डोक्यात भूत शिरलं की काही जातींच्या रक्तातच शौर्य असतं. लॉर्ड रॉबर्ट्स 1885 ते 1893 हिंदुस्थानचा सरसेनापती होता, तो या भुताचा मोठा भगत. उत्तरेकडचे उंच, गोरे, ते शूर. दक्षिणेकडचे ते मऊ. आणि ज्यांना शिवायचंच नाही त्यांना फौजेत घेतलं तर 'वरच्या' जातीचे शिपाई एका रांगेत उभे कसे राहणार? मनूनं जे श्लोकात लिहिलं ते साहेबानं रजिस्टरात लिहिलं. दोघांचं अक्षर वेगळं, मजकूर एकच.

त्या फर्मानानं आमचं काय गेलं? इथं पोरं चुकतात. म्हणतात, आमची बंदूक गेली. बंदूक गेली हे खरं, पण तेवढंच गेलं असतं तर एवढं रडायचं कारण नव्हतं. गेली ती शाळा. गेली ती पेन्शन. गेला तो गावाबाहेरचा रस्ता.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मास्तर होते, पुढं हेडमास्तर झाले. ज्या काळात गावच्या शाळेच्या पायरीवर आमची सावली चालत नव्हती, त्या काळात छावणीत शिपायांना आणि त्यांच्या पोरांना अक्षर शिकवलं जात होतं. 14 एप्रिल 1891 ला महूच्या छावणीत त्याच सुभेदाराच्या घरात मूल जन्मलं. दुसऱ्याच वर्षी भरतीचं दार लागलं. विचार करा. दार वीस-तीस वर्षं आधी लागलं असतं तर? रामजी सुभेदार झाले नसते. गावकीची कामं करत, येसकरपाळी करत, भाकरी मागत फिरले असते. आणि भीमराव? गावच्या शाळेच्या दारात गोणपाटावर बसायलाही कदाचित आत घेतला नसता. या देशाची घटना कुणी लिहिली असती ते सांगायला नको.

म्हणून त्या काळच्या आपल्या म्हाताऱ्यांनी लेखण्या उचलल्या. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर शिपाई, 1894 मध्ये त्यांनी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्याकडं विलायतेला अर्ज धाडला. आजच्या पोरांना 'अर्ज' म्हटलं की हसू येतं. हसू नका. ज्यांच्या आज्यांनी पाटलापुढं मान वर केली नव्हती त्यांनी साम्राज्याला कायदा विचारला. हीच आमच्या चळवळीची पहिली गोळी, आणि ती शाईची होती.

1941 मध्ये बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार समितीवर गेले. त्यांनी रेटा लावला आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. 1946 ला ती मशीनगन रेजिमेंट झाली. सुरुवातीला तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता. पुढं खांब गेला, त्या जागी खंजीर आला. आज तिच्यात सगळ्या जातीधर्माचे जवान आहेत, आणि ते चांगलंच आहे. याच रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना 1987 च्या श्रीलंकेतल्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आडनावातला 'नाक' शोधत बसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. नाव महार, वीर मद्राशी. शौर्य रक्तातून येत नाही, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता हवा?

हवा असेल तर पुन्हा त्या पॅटनसमोर चला. 1965 च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तर गावाच्या शिवारात पॅटन रणगाडे आले. त्या काळचं अमेरिकेचं नावाजलेलं लोखंड. त्यांच्यासमोर 4 ग्रेनेडियर्सचा हवालदार अब्दुल हमीद एका उघड्या जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ घेऊन उसात लपत फिरत होता. त्यानं एकामागून एक रणगाडे फोडले आणि स्वतः तिथंच मेला. गाव धामूपूर, जिल्हा गाझीपूर. बापाचा धंदा शिलाईचा. शिंप्याचं पोर. लॉर्ड रॉबर्ट्सच्या रजिस्टरात शिंप्यासाठी रकाना नव्हता. टनावारी पोलाद आणि लाखो डॉलर एका शिंप्याच्या पोरानं उसाच्या फडात गाडले. ऊस तोडणाऱ्या आपल्या माणसांनी ही गोष्ट पाठ करून ठेवावी.

आता कुणी म्हणेल, साहेबाचं भूत साहेबाबरोबर गेलं, तुम्ही कशाला उकरता? मग हे ऐका. राष्ट्रपती अंगरक्षक दल हे देशातलं सगळ्यात जुनं घोडदळ, 1773 पासूनचं. त्यात आजही जवान घेतात ते जाट, जाट शीख आणि राजपूत या तीनच जातींतले. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा लष्कराचं म्हणणं असं की समारंभात उंची, बांधा, दिसणं एकसारखं पाहिजे. के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले 1997 ला. रामनाथ कोविंद झाले 2017 ला. द्रौपदी मुर्मू झाल्या 2022 ला. दलित-आदिवासी माणूस त्या घोड्यांच्या मधोमध बग्गीत बसू शकतो, पण त्याच्या भावाचं पोर त्या घोड्यावर बसू शकत नाही! म्हणे दिसणं एकसारखं पाहिजे. अरे, घटना एकसारखी आहे तेवढं पुरत नाही का?

तर पोरांनो, 'आम्ही पण लढवय्ये' या घोषणेतली गोम कळली का? ही घोषणा वाटणी मोडत नाही, वाटणीतला आपला वाटा मागते. आम्हाला शूरांच्या रांगेत घ्या म्हणजे भेकडांची रांग तशीच राहू द्या. आपण वरच्या पायरीवर चढायचं आणि खाली कुणाला ठेवायचं? मांगाला? भिल्लाला? वडाराला? पायरीच फोडायची आहे, मित्रांनो. पायरी चढायची असती तर बाबासाहेबांनी 1956 ला नागपूरला जाऊन एवढा मोठा घरबदल केला नसता.

आणि छातीवरच्या बिल्ल्यानं गाव बदलतं का, तेही बघू. कोल्हारहून हरेगाव लांब नाही. तिथं 16 डिसेंबर 1939 ला बाबासाहेब वतनदार परिषदेला आले होते. वतनाच्या नावाखाली चाललेली वेठबिगारी मोडा हे सांगायला. त्याच हरेगावात 2023 च्या ऑगस्टमध्ये शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून आपल्या पोरांना उघडं करून झाडाला उलटं टांगून मारलं. मध्ये 84 वर्षं. त्या 84 वर्षांत महार रेजिमेंट उभी राहिली, देशानं लढाया जिंकल्या, नगरला रणगाड्यांचं संग्रहालय झालं. सोनई 2013. खर्डा 2014. सगळी याच जिल्ह्यातली. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फिरले आणि 2017 ला आरोपी सुटले. पन्नास टनांचा रणगाडा सरहद्दीवर शत्रूला अडवतो. वेशीच्या आत चाललेलं युद्ध त्याला दिसत नाही. तिथं साक्षीदाराच्या पाठीशी उभं राहणारं गाव लागतं, वकील लागतो, वेळेवर लिहिलेली फिर्याद लागते, ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं कलम तोंडपाठ असणारा पोरगा लागतो. तो पोरगा भरतीत तयार होत नाही.

म्हणजे फौजेत जाऊ नका, असं मी म्हणतोय का? नाही. घरात पाच खाणारी तोंडं असलेल्या पोराला असला उपदेश करणं हा पोटभरल्यांचा धंदा आहे. जा. जरूर जा. पण हिशोब करून जा.

हिशोब असा. आमच्या पूर्वजांना फौजेनं तीन गोष्टी दिल्या. शाळा, पेन्शन, आणि गावकीतून सुटका. 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी. त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढं कायम. बाकीचे सेवानिधीचे साडेअकरा-पावणेबारा लाख घेऊन घरी, त्यातले निम्मे त्यांच्याच पगारातून कापलेले. पेन्शन नाही. 1892 च्या फर्मानानं फक्त आमची पेन्शन गेली होती, आता अख्ख्या देशातल्या गरिबांच्या पोरांची गेली. ही समता झाली म्हणून पेढे वाटायचे काय? बावीस-तेवीसचं पोर, मशीनगन चालवता येते, कॉलेज सुटलेलं, परत कोल्हारच्या फाट्यावर. बंगल्याच्या गेटवर वॉचमन, नाहीतर एखाद्या साखरसम्राटाच्या गाडीमागं फिरणारा. ज्याच्याकडं जमीन आहे तो परत जमिनीवर जाईल. ज्याचा सातबाराच कोरा, तो कुठं जाईल?

आणि आणखी एक बघा. सैन्यात शिपाई भरतीला अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण नाही. पण आठवी पासवर अग्निवीर ट्रेड्समनची जी भरती असते, तिच्यात हाऊस कीपर आणि मेस कीपर ही पदं आहेत. झाडू आणि ताट. फॉर्म भरताना पोरं 'आर्मी' एवढाच शब्द वाचतात, पुढचा वाचत नाहीत. आपल्या पणज्यानं गावचा उकिरडा उपसला, आजोबानं नगरपालिकेत झाडू मारला, आता पणतू ऑलिव्ह ग्रीन कपड्यात झाडू मारणार आणि वस्तीत फ्लेक्स लागणार 'सैन्यात निवड झाल्याबद्दल'. काम हलकं नसतं, हे मीही म्हणतो. पण ते आठवी पासच्या वाट्यालाच का येतं, आणि आपली पोरं आठवीला का थांबतात, हे फ्लेक्सवर कोण छापणार?

म्हणून या अंकापासून आपण काही गोष्टी ठरवून करायच्या.

पहिली. पहाटे पळणाऱ्या प्रत्येक पोरानं संध्याकाळी समाजमंदिरात दोन तास बसायचं. बारावी सुटलेली असेल तर ती आधी. एनडीए आणि सीडीएस या परीक्षा काय असतात, हे आपल्या किती जणांना ठाऊक आहे? रणगाड्यात बसून हुकूम देणाऱ्याची वाट तिकडून जाते.

दुसरी. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेचे फॉर्म वस्तीतल्या एकाही पोरापोरीचे राहता कामा नयेत. हो, पोरीसुद्धा. छावणीच्या शाळेत शिपायांच्या मुलीही शिकत होत्या, हे विसरू नका.

तिसरी. 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जायचं. 2018 ला दगड खाल्ले, तरी जायचं. पण खांबासमोर उभं राहून 'आम्ही शूर' एवढंच म्हणून परत यायचं नाही. तिथं उभं राहून पोरांना वलंगकरांचा अर्ज सांगायचा, कांबळ्यांचा अर्ज सांगायचा, कापलेला धागा सांगायचा.

चौथी. अग्निपथनं काढलेली पेन्शन परत द्या आणि राष्ट्रपती अंगरक्षक दलाची भरती सगळ्या जातींना खुली करा, या दोन मागण्यांवर आपण सह्या गोळा करतो आहोत. दुसऱ्या वस्त्यांत जा. मराठ्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या गरीब पोराचीही सही घ्या. पेन्शन त्याचीही गेली आहे. कुणी म्हणेल अर्जानं काय होतं. त्याला सांगा, अर्जानं रेजिमेंट उभी राहिली होती.

आता त्या टी-शर्टवाल्या पोराला उत्तर देतो. ह्याच्यात आपलं कोण होतं? दोस्ता, त्या लोखंडात आपलं कुणी नसेल तरी काही बिघडत नाही. लोखंड कुणाचंच नसतं. आज पाकिस्तानचा पॅटन नगरच्या झाडाखाली उभा आहे आणि कावळे त्याच्यावर बसतात. आपलं जे होतं ते छावणीच्या शाळेतल्या फळ्यावर होतं, पेन्शनीच्या कागदावर होतं, विलायतेला गेलेल्या अर्जावर होतं. त्याला पाटी नाही. ती पाटी तू लिही.

जय भीम!

— संपादक, कोल्हार